समिती नेमल्याचा जीआर मिळतो, अहवाल का मिळत नाही? : महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधानभवन, मुंबई

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त आहे. शिकवण्याच्या बरोबरीने अधूनमधून शासकीय समित्यांवर ‘अशासकीय सदस्य’ म्हणून काम केले, आणि माझ्याहून कितीतरी अधिक काम केलेली माणसे जवळून पाहिली. आपल्याकडे माझे मागणे एकच आहे. शासन निर्णय काढून नेमलेल्या प्रत्येक समितीचा अहवाल, सदस्यांच्या भिन्नमतपत्रिकांसह, ठरलेल्या मुदतीत सभागृहासमोर आलाच पाहिजे, असा कायदा आपण करावा.

चौकशी आयोगांसाठी असा नियम आधीपासून आहे. 1952च्या चौकशी आयोग कायद्याच्या कलम 3(4) प्रमाणे आयोगाचा अहवाल आणि त्यावर सरकारने काय केले याचे निवेदन सहा महिन्यांच्या आत विधिमंडळात ठेवावे लागते. ती मुदत प्रत्येक वेळी पाळली जातेच असे नाही, पण पाळली गेली नाही तर आपल्याला उभे राहून जाब विचारता येतो. समितीच्या बाबतीत तो आधारही नाही. समिती जन्माला येते एका जीआरने. प्रस्तावना, अध्यक्ष, सदस्य, सदस्य-सचिव, कार्यकक्षा, ‘समितीने आपला अहवाल तीन महिन्यांत सादर करावा’ ही ओळ, प्रवासभत्त्याचे लेखाशीर्ष आणि शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. हा कागद शासनाच्या संकेतस्थळावर संगणक संकेतांकासह कोणालाही उतरवून घेता येतो. अहवाल मात्र तिथे सापडेलच याची खात्री नाही. समितीने अहवाल सरकारला कधी द्यायचा ते जीआरमध्ये असते, पण सरकारने तो लोकांना कधी दाखवायचा याबद्दल त्यात अवाक्षर नसते. शिष्यवृत्तीचे दर, पाणीपट्टी, अनुदानाचे निकष, निधीवाटप अशा पोटापाण्याच्या विषयांवरचा बहुतेक सल्ला याच वाटेने जातो.

आता प्राध्यापकाला सरकार बोलावते कशासाठी, ते सांगते. मंत्रालयात हुशार माणसांची वानवा नाही. वित्त आणि नियोजन विभागांत असे अधिकारी मी पाहिले आहेत, की अंदाजपत्रकातली एखादी पुरवणी मागणी ते ज्या बारकाईने वाचतात तशी आमच्या विद्याशाखेत फार थोड्यांना वाचता येईल. पण अधिकाऱ्याची बदली होऊ शकते आणि त्याचा गोपनीय अहवाल वरिष्ठांच्या हातात असतो. सल्लागार कंपनीला पुढचे काम त्याच विभागाकडून हवे असते. उद्योगपतीच्या कारखान्यावर त्याच धोरणाचा परिणाम व्हायचा असतो. प्राध्यापकाला सोमवारी परत वर्गावर जायचे असते, आणि समितीत कोणाला राग आला म्हणून त्याचा वर्ग बंद होत नाही. म्हणून ‘हे आकडे जुळत नाहीत’ एवढे एक वाक्य तो निर्धास्तपणे बोलू शकतो. त्याला बोलावण्यात सरकारचा फायदा असलाच तर तो हाच. बाकी तक्ते, आलेख, सादरीकरण करणारी माणसे बाजारात पैसे मोजून मिळतात.

या शहराला आणि या राज्याला अशा प्राध्यापकांची मोठी परंपरा आहे. मुंबई विद्यापीठातले एम. एल. दांतवाला हे 1965 साली स्थापन झालेल्या कृषी मूल्य आयोगाचे पहिले अध्यक्ष. त्याच विद्यापीठातले डी. टी. लकडावाला 1977 ते 1980 नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, आणि पुढे राज्याराज्यांसाठी वेगळी दारिद्र्यरेषा काढण्याची पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली गेली. त्याच्याही कितीतरी आधी, 1918 ते 1920 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते. काही वर्षांनी चलनव्यवस्थेवर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. हा आयोग परक्या सरकारने नेमलेला होता. रुपयाचा दर 1 शिलिंग 6 पेन्स ठेवावा अशी शिफारस त्याने 1926 साली केली. आयोगावर मुंबईचे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास होते. त्यांना हा दर मान्य नव्हता; 1 शिलिंग 4 पेन्स हाच दर योग्य, असे त्यांनी सविस्तर लिहून दिले. त्यांचे भिन्नमत अहवालाबरोबर छापले गेले, साक्षीही छापल्या गेल्या. त्या दरावरून पुढची कित्येक वर्षे देशात वाद चालला, आणि वाद घालणाऱ्यांच्या हातात दोन्ही बाजूंचे कागद होते. आपल्या लोकनियुक्त सरकारकडून मी याहून अधिक काही मागत नाही.

स्वातंत्र्यानंतरही हा शिरस्ता काही काळ टिकला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी, 1955 साली, अर्थतज्ज्ञांच्या मंडळात बी. आर. शेणॉय एकटे वेगळे पडले. तुटीच्या अर्थभरण्यावर, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्तीचा खर्च नव्या नोटांनी भागवून, एवढी मोठी योजना उभारू नये, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने ते मानले नाही. योजना ठरल्याप्रमाणे झाली, आणि 1957च्या सुमारास देश परकीय चलनाच्या टंचाईत सापडला. शेणॉय सगळ्याच बाबतीत बरोबर होते असे मला वाटत नाही. पण त्यांची टिपणी उपलब्ध होती म्हणून आमच्या पिढीला तिच्याशी भांडता आले.

आता आपल्या घरचे उदाहरण घेते, कारण या सभागृहांत त्यावर जितके बोलले गेले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या अहवालावर बोलले गेले असेल. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली 1983 साली राज्य सरकारने सत्यशोधन समिती नेमली आणि 1984 मध्ये तिचा अहवाल आला. विदर्भावर अन्याय झाला की नाही, मराठवाड्याला किती मिळाले, यावर तोपर्यंत भाषणे होत होती. दांडेकरांनी भाषणांची जागा तक्त्यांना दिली. रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती खर्च येईल ते मांडायचे. ती रक्कम म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याची आघाडी शेजारच्या मागासलेल्या जिल्ह्याच्या खात्यात वळती करायची नाही. पद्धत इतकी उघड होती की बारावीच्या मुलालाही बेरीज तपासता यावी.

एकूण आकडा आला सुमारे 3,186 कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा साधारण 39 टक्के, मराठवाड्याचा साधारण 24 टक्के, आणि उरलेला 37 टक्क्यांच्या आसपासचा वाटा उर्वरित महाराष्ट्राचा. हा शेवटचा आकडा पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. ज्या भागाला सगळे सुखवस्तू समजत होते, त्याच्याही पोटात मागासलेपण होते. कोकणातल्या आणि घाटावरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाचे दुखणे पश्चिम महाराष्ट्राच्या सरासरीत झाकले जात होते. वैदर्भीयांना हा अहवाल अपुरा वाटला, इतरांना अतिरेकी वाटला. दांडेकरांच्या पद्धतीवर टीका झाली आणि व्हायलाही हवी होती. पुढे 1995 साली निर्देशांक व अनुशेष समिती नेमून हिशेब नव्याने मांडावा लागला. पण अकोल्याच्या आमदाराने, बीडच्या पत्रकाराने, रत्नागिरीच्या शिक्षकाने आपल्या जिल्ह्यापुढची रक्कम स्वतः वाचली होती. 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वैधानिक विकास मंडळे आली, त्यामागे या तक्त्यांनी केलेल्या मशागतीचा वाटा मोठा आहे. (त्या मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली, तो वेगळा आणि दुःखद विषय आहे.) हा अहवाल एखाद्या कपाटात राहिला असता तर आपल्या राज्यातला प्रादेशिक वाद पुढची चाळीस वर्षे कोणत्या आकड्यांवर चालला असता?

गोखले संस्थेचेच धनंजयराव गाडगीळ 1967 ते 1971 नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचे त्यांचे सूत्र 1969 साली मान्य झाले. लोकसंख्येला 60 टक्के भार. दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू सिंचन व वीज प्रकल्प आणि राज्याच्या विशेष अडचणी यांना प्रत्येकी 10 टक्के. त्यात पुढे बदल झाले, पण कोणत्या राज्याला किती मिळणार हे दिल्लीतल्या कोणाच्या मर्जीवर न राहता कागदावर आले, आणि कागदावरचे कोणालाही मोजता आले. सुरेश तेंडुलकरांची गोष्टही अशीच. जुन्या पद्धतीने 2004-05 मधली देशातली गरिबी 27.5 टक्के दिसत होती. तेंडुलकर समितीने 2009 मध्ये तोच आकडा 37.2 टक्के सांगितला. कोणत्याही सरकारला हा आकडा गैरसोयीचा वाटला असता. तो प्रसिद्ध झाला आणि स्वीकारलाही गेला.

मग बिघडले कुठे? डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने 2011 साली संतुलित प्रादेशिक विकासासाठी समिती नेमली. केंद्रात वित्त सचिव आणि तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष राहिलेला माणूस. यापेक्षा वजनदार नाव कुठून आणणार? अहवाल ऑक्टोबर 2013 मध्ये सरकारच्या हाती पडला आणि विधिमंडळात आला डिसेंबर 2014 मध्ये. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक झाली, विधानसभेचीही झाली. राज्याच्या कोणत्या भागाला काय द्यावे यावरचा ताजा अभ्यास तयार असताना मतदाराने तो न वाचता दोनदा मतदान केले. कोणत्या पक्षाचे सरकार होते हा माझा मुद्दा नाही. ज्यांनी तेव्हा अहवाल रोखल्याबद्दल टीका केली, त्यांनीही सत्तेत आल्यावर मुदतीचा नियम केला नाही.

धनंजयरावांचे चिरंजीव माधवराव गाडगीळ अर्थतज्ज्ञ नव्हेत, पण त्यांचा अनुभव इथे सांगितलाच पाहिजे. पश्चिम घाटावरचा त्यांच्या समितीचा अहवाल केंद्राला ऑगस्ट 2011 मध्ये मिळाला. तो लोकांसमोर यायला मे 2012 उजाडले, आणि तेही माहितीच्या अधिकाराखाली झगडा होऊन, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. तोपर्यंत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत त्या अहवालाविषयी इतक्या अफवा पसरल्या होत्या की मूळ मजकूर वाचायला कोणी शांतपणे तयारच नव्हते. अहवाल दडवला की त्याची जागा अफवा घेते, हे त्यावेळी कोकणातल्या नातेवाइकांच्या बोलण्यातून मी स्वतः ऐकले आहे.

जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगातून पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. आयोगाने मंजूर केलेला रोजगाराचा अहवाल प्रसिद्ध होत नव्हता. त्यात बेरोजगारीचे प्रमाण 6.1 टक्के होते. तो अधिकृतपणे बाहेर आला 31 मे 2019 रोजी, लोकसभेच्या निकालानंतर. मीनाक्षी या तेव्हा दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक होत्या. परतायला वर्ग असणे म्हणजे काय, ते अशा वेळी कळते. पण राजीनामा हा शेवटचा उपाय आहे, आणि सल्लागाराजवळ त्याखेरीज दुसरा उपायच नसावा ही व्यवस्थेची उणीव आहे.

समितीच्या आत काय घडते ते आपल्याला क्वचितच पाहायला मिळत असेल, म्हणून जवळून सांगते. कोणती समिती, कोणता विभाग हे इथे महत्त्वाचे नाही. मुलींसाठीच्या एका योजनेचे मूल्यमापन करायचे होते. आमच्यापुढे जिल्हावार तक्ता आला: लाभार्थी संख्या, खर्च, उद्दिष्टाशी टक्केवारी. बहुतेक जिल्हे नव्वदच्या वर. तक्त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपेवरून लक्षात आले की ‘लाभार्थी’ म्हणून मोजले होते ते मंजूर झालेले अर्ज. पैसे खात्यात जमा झाले की नाही, झाले तर त्याच शैक्षणिक वर्षात झाले का, याचा रकानाच नव्हता. ज्या मुलीची रक्कम परीक्षा संपल्यावर आली, तिने वर्षभर बसचे भाडे कुठून भरले असेल? कोषागारातून रक्कम निघाल्याची तारीख मिळवणे अवघड नव्हते. मी दीड पानांची टिपणी दिली: प्रत्यक्ष वाटपाच्या तारखा जोडाव्यात, तोपर्यंत ‘योजना यशस्वी’ असे लिहू नये.

पुढच्या बैठकीआधी इतिवृत्त आले. माझ्या टिपणीच्या जागी एक ओळ होती: ‘लाभार्थी संख्येबाबत समितीत सविस्तर चर्चा झाली.’ मी सदस्य-सचिवांना विचारले. गृहस्थ सरळ होते. म्हणाले, “मॅडम, तुमचा मुद्दा मलाही पटतो. पण इतिवृत्तात कोण काय म्हणालं ते लिहायची पद्धत नाही. निर्णय काय झाला तेवढंच लिहितो आपण.” त्यांनी माझी टिपणी नस्तीला लावली, पृष्ठक्रमांकही घातला, त्यांच्या हातात होते तेवढे त्यांनी केले. अहवालात योजना यशस्वी ठरली. तो अहवाल पुढे प्रसिद्ध झाला नाही, त्यामुळे तक्त्याखालची ती टीप वाचून दुसऱ्या कोणाला प्रश्न पडण्याची वाटही बंद झाली. त्या अधिकाऱ्यावर माझा राग नाही. भिन्नमत कुठे लिहायचे याची जागाच ठरलेली नसेल तर चांगला अधिकारीसुद्धा काय करणार?

आणि ही जागा आपल्या सभागृहांना मुळीच नवीन नाही. एखादे विधेयक संयुक्त समितीकडे जाते तेव्हा ज्या सदस्याला बहुमताचा निष्कर्ष मान्य नसतो, तो भिन्नमतपत्रिका देतो आणि ती अहवालाला जोडली जाते. स्वतःसाठी आपण जो हक्क राखून ठेवला आहे, तोच आपण नेमलेल्या तज्ज्ञालाही द्या.

तरुण प्राध्यापकांचे काय होते, तेही आपल्यापैकी शिक्षक मतदारसंघातून आलेल्या सदस्यांना विशेष करून सांगायचे आहे. शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो: सोमवारी अकराला बैठक. तासिका कोणाच्या तरी गळ्यात घालायच्या, प्राचार्यांचे ना-हरकत पत्र मिळवायचे, अंबरनाथहून किंवा विरारहून गर्दीच्या वेळी लोकल पकडायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीत राज्य शासनाला दिलेल्या धोरण अहवालाला 4 गुण आहेत आणि सामाजिक शास्त्रांतल्या एका संशोधन निबंधाला 10. तरीही ही मुले येतात, कारण त्यांना आकडे हवे असतात. राज्याच्या तिजोरीतून रुपया कोणत्या महिन्यात कोणत्या तालुक्यात गेला, हे अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला पाहायला मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते मी सांगू शकणार नाही. दोन वर्षे राबून त्यांनी केलेले विश्लेषण बाहेर दाखवता येत नाही, वर्गात शिकवता येत नाही, त्यावर कोणी टीकाही करू शकत नाही. मग हळूहळू दोन गट पडतात. काहीजण पुन्हा बोलावले तर येत नाहीत. काहींच्या लक्षात येते की प्रश्न विचारणाऱ्यापेक्षा मान डोलावणाऱ्याला पुढच्या समितीचे पत्र लवकर येते. दुसरा गट वाढला की सरकारला मिळणारा सल्ला ऐकायला गोड आणि वापरायला निरुपयोगी होतो, आणि नुकसान शेवटी सरकारचेच होते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो मी गंभीरपणे घेते: सगळे उघड होणार असेल तर सल्लागार मोकळेपणाने बोलणार नाहीत, आणि निर्णयाआधीच गदारोळ होईल. अंदाजपत्रक मांडण्यापूर्वी करांचे प्रस्ताव गुप्तच राहिले पाहिजेत. मंत्रिमंडळापुढे टिपणी असताना ती फोडू नये, हेही मान्य. पण गुप्ततेला शेवटची तारीख हवी. माहितीच्या अधिकाराचा कायदा मंत्रिमंडळाच्या कागदांना संरक्षण देतो ते निर्णय होईपर्यंतच. त्याच कायद्याचे कलम 4 म्हणते की महत्त्वाची धोरणे ठरवताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती शासनाने आपणहून प्रसिद्ध करावी. म्हणजे कायद्याचा रोख स्पष्ट आहे, फक्त समित्यांच्या अहवालांना मुदत लावायची राहिली आहे.

आणि उघडपणामुळे तज्ज्ञ बुजतात, हे खरे नाही याचा दाखला विधानभवनापासून टॅक्सीने थोड्या अंतरावर आहे. शहीद भगतसिंग मार्गावरच्या रिझर्व्ह बँकेत 2016 पासून पतधोरण समिती काम करते. सहा सदस्य, तीन बँकेचे, तीन केंद्र सरकारने बाहेरून नेमलेले. बाहेरच्या सदस्यांची मुदत चार वर्षे, पुन्हा नेमणूक नाही, त्यामुळे कोणाची मर्जी सांभाळण्याचे कारण नाही. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होते: कोणी कोणत्या बाजूने मत दिले आणि का, हे प्रत्येकाच्या नावानिशी, प्रत्येकाच्या शब्दांत. जून आणि ऑगस्ट 2024च्या बैठकांत चौघांनी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना उसने देताना लावते तो व्याजदर, कायम ठेवावा म्हटले. अहमदाबादच्या आयआयएममधले जयंत वर्मा आणि आपल्या गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या आशिमा गोयल यांनी तो कमी करावा म्हटले. दोघेही प्राध्यापक. दोघांची कारणमीमांसा छापली गेली. बाजार कोसळला नाही, बँकेची प्रतिष्ठा गेली नाही. उलट माझे विद्यार्थी ती निवेदने समोरासमोर ठेवून वाचायला शिकले, आणि व्याजदर कसा ठरतो ते त्यांना कोणत्याही क्रमिक पुस्तकापेक्षा चांगले समजले. देशाचा व्याजदर ठरवताना जे चालते, ते मुलींच्या शिष्यवृत्तीच्या बाबतीत का चालू नये?

कायद्यात काय असावे ते थोडक्यात सांगते. समिती नेमणाऱ्या जीआरमध्येच अहवाल प्रसिद्ध करण्याची मुदत लिहिलेली असावी. अहवाल मिळाल्यापासून 90 दिवस पुरेसे आहेत. अधिवेशन चालू नसेल तर तो संकेतस्थळावर टाकावा आणि पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात पटलावर ठेवावा. मूळ मराठीत किंवा मराठी अनुवादासह ठेवावा, कारण ज्याच्याविषयी तो लिहिला आहे त्याला तो वाचता आला पाहिजे. प्रत्येक सदस्याला भिन्नमतपत्रिका देण्याचा हक्क असावा आणि ती अहवालापासून वेगळी करता येऊ नये. ज्या तक्त्यांवर निष्कर्ष उभे आहेत ते, व्यक्तींची नावे वगळून, जोडलेले असावेत. सहा महिन्यांत शिफारशीनिहाय कार्यवाही अहवाल यावा. एखादी शिफारस नाकारायची असेल तर सरकारने खुशाल नाकारावी, फक्त कारण लिहावे. एखादा अहवाल सुरक्षिततेसाठी किंवा न्यायालयीन कारणासाठी रोखायचा असेल तर तसा सकारण आदेश सभागृहापुढे ठेवावा. आणि मुदत उलटूनही काहीच झाले नाही, तर समितीच्या सदस्याला आपला अहवाल स्वतः प्रसिद्ध करण्याची मोकळीक असावी. हे शेवटचे कलम काहींना टोचेल. माझ्या मते बाकीची सगळी कलमे त्याच्यावरच टिकतील, कारण सरकारे बदलतात पण अडचणीचा कागद मागे ठेवण्याची सवय बदलत नाही.

कायदा व्हायला वेळ लागेल हे मला कळते. तोपर्यंत या अधिवेशनात करता येण्यासारखे एक काम आहे. आपल्यापैकी कोणीही, कोणत्याही पक्षाच्या सदस्याने, सामान्य प्रशासन विभागाला तारांकित प्रश्न टाकावा: गेल्या दहा वर्षांत शासन निर्णयाद्वारे किती समित्या नेमल्या, कितींचे अहवाल आले, कोणत्या तारखेला आले, कितींचे प्रसिद्ध झाले, आणि जे झाले नाहीत ते कोणत्या विभागाकडे आहेत. उत्तरात विभागवार यादी मागावी, निव्वळ संख्या नको. उपप्रश्नाला वेळ कमी पडला तर अर्धा तास चर्चा मागावी.

विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आणि पदवीधर मतदारसंघाचे सात सदस्य आहेत. अशासकीय विधेयक त्यांच्यापैकी कोणी मांडावे अशी माझी इच्छा आहे, कारण समित्यांवर जाणारी माणसे त्यांचीच मतदार आहेत. वर सांगितलेल्या कलमांचा मराठी मसुदा मी आणि माझ्या काही माजी सहकाऱ्यांनी, विधी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीच्या मदतीने तयार केला आहे. या चौदाही सदस्यांना तो टपालाने पाठवत आहे. त्यात दुरुस्त्या सुचवायच्या असतील तर आम्ही विधानभवनात येऊन बसायला तयार आहोत.

आपली नम्र,
अर्थशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
मुलुंड (पूर्व), मुंबई